दुसऱ्याच्या वाट्याची लाज

भाई आमच्या समोरच्या खोलीत भाड्यानं राहायला आले, तेव्हा आईनं त्यांना सांगितलं होतं, की नळाला पाणी फक्त सकाळी येतं. हे खोटं होतं. पाणी संध्याकाळीही यायचं, पण भाडेकरूनं दोन्ही वेळा बादल्या भरलेल्या आईला नको होत्या. त्याच संध्याकाळी भाई दारात बोलत उभे असताना मागच्या नळाला पाणी आलं आणि रिकाम्या बादलीत धडाधड पडायला लागलं. सगळ्यांनी ऐकलं. आई मेथी निवडत होती, ती निवडतच राहिली. भाईंचे मात्र दोन्ही कान लालभडक झाले. त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "माफ करा वहिनी. मी चुकीच्या टायमाले उभा राह्यलो."

हा माणूस असाच होता. खोटं बोलायचं दुसऱ्यानं आणि लाज वाटायची यांना. गडचिरोली जिल्ह्यातलं आमचं गाव म्हणजे एक रस्ता, एक बाजार आणि टोकाला प्राथमिक आरोग्य केंद्र. भाई त्या केंद्रात प्रयोगशाळा तंत्रज्ञ होते. लोकांच्या बोटाच्या रक्ताचा थेंब काचेवर घेतलेला असायचा, ती काच दुर्बिणीखाली धरून त्यात मलेरिया आहे की नाही ते सांगायचं, हे त्यांचं काम. दुर्बीण म्हणजे मायक्रोस्कोप, पण आमच्याकडे सगळे दुर्बीणच म्हणायचे. भाई मूळचे चंद्रपूरचे. वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे एका डोळ्यानं बारीक पाहायची सवय घरातलीच. बायको-मुलं चंद्रपूरला, आणि हे आमच्याकडे आईच्या हातचं जेवून दिवस काढत होते.

केंद्रातल्या लोकांनी त्यांच्या कानांचा खेळ करून ठेवला होता. कोणी रजेचं कारण सांगायला लागलं, की सिस्टरबाई भाईंना हाक मारून समोर बसवायच्या आणि म्हणायच्या, "आता बोल. मी भाईच्या कानाकडे पाहून राह्यली." एकदा एकजण आजी वारली म्हणून सुट्टी मागत होता. भाई इतके अवघडले, की त्यांनीच उठून त्याचं काम आवरायला घेतलं. त्या पोराची आजी पुढच्या बाजाराला चिंचा विकत बसलेली होती. भाईंनी तिच्याकडून चिंचा घेतल्या आणि तिची तब्येत विचारली.

त्यांच्या आणखी खोड्या सांगायच्या तर दिवस पुरणार नाही. थंडीत ते दुर्बिणीला लोकरीची कानटोपी घालायचे. "मलेरिया निघाला" असं कधी म्हणायचे नाहीत, "पाहुने आहेत" म्हणायचे. पाहुणे कमी असले तर "दोघंचौघं आहेत", फार असले तर "वरात आहे". आईनं भाजीत मीठ बरोबर आहे का विचारलं, तर दुसरा घास खाल्ल्याशिवाय उत्तर नाही. "एका घासावर निकाल नाई देत वहिनी." आई चिडायची. तोपर्यंत तिचं निम्मं जेवण होऊन जायचं.

मी तेव्हा बारावीत होते. दुपारचा डबा मीच केंद्रात न्यायची, एक बाबांचा आणि एक भाईंचा. डबा उघडायच्या आधी भाई मला दुर्बिणीत पाहायला द्यायचे. मी एक डोळा घट्ट मिटायची, की ओरडायचे. "दुसरा डोया उघडा ठेव पोरी. बंद केला का पाह्यनारा डोया थकते. आन् थकलेला डोया जे पाह्यजे थेच पाह्यते." आज मी चंद्रपूरच्या एका खासगी लॅबमध्ये आहे, आणि नव्यानं आलेल्या मुलींना हेच वाक्य ऐकवते. कोणाचं आहे ते सांगत नाही. विचारलंच तर पुढे सगळं सांगावं लागेल, आणि ते मला नको असतं.

माझे बाबा, देवाजी, त्याच केंद्रात मलेरियाचे कर्मचारी होते, कंत्राटी. गावोगाव सायकलनं फिरायचं, तापाच्या माणसांची बोटं टोचून रक्त काचेवर घ्यायचं आणि काचा भाईंच्या टेबलावर आणून ठेवायच्या. आम्ही ढिवर. संध्याकाळी बाबा तलावात जाळं टाकायचे, आणि जे मिळेल त्यातलं निम्मं डॉक्टरांपासून ड्रायव्हरपर्यंत वाटून यायचे. माणूस हसरा, गप्पिष्ट. ते सुट्टीवर असले की केंद्र सुनं वाटतं असं लोक म्हणायचे. माझ्या बाबांवर सगळ्यांचा जीव होता हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे जे झालं ते वाईट माणसाच्या हातून झालं असतं तर मला इतकं जड गेलं नसतं.

त्या वर्षी पोळा झाला तरी पाऊस हटत नव्हता. बाबांच्या वाट्याचं एक गाव नाल्यापलीकडे होतं. नाला भरला की तिकडे डोंग्यातूनच जावं लागायचं. डोंगा वल्हवणं बाबांना चालण्याइतकं सोपं होतं, तरी ते तिकडे गेले नाहीत. अंग दुखतं म्हणायचे. दुपारी गोधडी घेऊन पडायचे, संध्याकाळी घामानं ओले होऊन उठायचे आणि पुन्हा थट्टामस्करी सुरू करायचे. मलेरियाचा कर्मचारी, आणि स्वतःच्या तापाला "भिजलो असीन" म्हणत होता. आजारी म्हणून नोंद झाली तर कंत्राट पुढे चालणार नाही, ही धास्ती त्यांच्या मनात होती. ती त्यांनी आम्हाला बोलून दाखवली नाही.

मग एका दुपारी मागच्या पडवीत बसून त्यांनी स्वतःचीच बोटं टोचायला घेतली. या बोटाचा थेंब एका काचेवर, त्या बोटाचा दुसरीवर. नाल्यापलीकडच्या गावातल्या माणसांची नावं त्यांच्याकडे होतीच. काचेवर नंबर टाकायचा आणि कागदावर नंबरापुढे नाव लिहायचं. मी शेजारी कापूस धरून बसले होते. "घे, पुरा गाव तपासून झाला, आन् पायाले चिखलबी लागला नाई," बाबा म्हणाले. आम्ही हसलो. आईसुद्धा पोट धरून हसली. असं करणारे बाबा काही एकटे नव्हते, पावसाळ्यात पुष्कळजण करायचे. पण त्या हसण्याची आठवण आली की अजून मला कुठं तोंड लपवावं कळत नाही.

दोन दिवसांनी दिवेलागणीला भाई केंद्रातून आले. स्वतःच्या खोलीकडे न जाता आमच्या पायरीशी येऊन उभे राहिले. हातात गोळ्यांचं पाकीट होतं.

"देवाजीभाऊ, पहिले ह्या गोया खा. माह्यासमोर खा."

"काऊन? मले का झालं?" बाबा खाटेवर उठून बसले.

"ताप आहे तुमाले. साधा नाई, डोक्यात जानारा आहे."

"तुमाले कोनं सांगितलं?"

"अख्ख्या गावानं सांगितलं," भाई खाली पाहत म्हणाले. "तान्ह्या लेकरापासून म्हाताऱ्यापावतर सगळ्याईच्या रक्तात तेवढेच पाहुने. एक कमी नाई, एक जास्त नाई. असं गाव मी जिंदगीत नाई पाह्यलं."

आईला सगळ्यात आधी कळलं. ती चुलीपासून उठली आणि दार लोटून घेतलं. बाबांनी हसून पाहिलं, पण ते हसणं जमलं नाही. भाईंनी पाण्याचा गडू पुढे केला आणि बाबांनी गोळ्या गिळेपर्यंत ते तसेच उभे राहिले. मग पायरीवर बसले.

"आता गावाचं बोलू. ह्या काचा मी फेकल्या, तर तुमचं काम राह्यते. पन मंग थ्या गावात कोनी जानार नाई, काऊन का कागदावर गाव तपासून झाला. ह्या काचांचा निकाल लिहून देल्ला, तर नसलेल्या तापाच्या गोया अख्ख्या गावाले जातीन. तान्ह्याले बी. आन् खरं सांगितलं तर तुमचं काम जाते. दिवसभर इचार केला भाऊ. चौथा रस्ता नाई सापडला."

"आमच्या घरचं जेवता तुमी भाई," आई म्हणाली. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

"म्हनूनच पहिले इथी आलो वहिनी. नाई तर सिधा डॉक्टरसाहेबाईकडे गेलो असतो."

"सगळेच करतेत," बाबा म्हणाले. "तुमाले का मालूम नाई?"

"मालूम आहे. येवढी सालं मालूम आहे." भाईंनी गडू बाजूला ठेवला. "हे माहं चुकलं. मी शरमेनं कान लाल करून बसत गेलो, बोललो कोनालेच नाई. शरमेनं कोनाचा ताप उतरत नाई, देवाजीभाऊ. उद्या सकाळी तुमी सोता साहेबाईले सांगा. मी तुमच्या बाजूले उभा राहीन. दुपारपावतर नाई सांगितलं, तर मी सांगीन. मागून नाई सांगनार. तुमाले सांगून जाईन."

बाबा त्यांच्या पायाशी वाकले. भाई झटकन उठून मागे सरले आणि इतके ओशाळले, की चप्पल तिथेच सोडून खोलीत गेले.

सकाळी बाबा उठले नाहीत. ताप होता हे खरं, पण केंद्रापर्यंत चालत जाता येणार नाही इतका नव्हता. भर दुपारी भाई फाटकाशी आले. आत न येता तिथूनच म्हणाले, "देवाजीभाऊ, मी सांगायले जाऊन राह्यलो." बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. मी दारात होते, आणि मी दार लावून घेतलं.

पुढचं मला सिस्टरबाईंकडून कळलं. डॉक्टर तरुण होते, कुठल्याशा परीक्षेचा अभ्यास करत होते आणि त्यांना ही ब्याद नको होती. ते म्हणाले, "काचा टाकून द्या ना. मला यातलं काही माहीत नाही असं समजा." भाई म्हणाले, "फेकतो साहेब. पन गावात कोन जाते थे पहिले सांगा." शेवटी भाई स्वतः निघाले. लाजेनं सिस्टरबाई सोबत गेल्या. नाल्यावर डोंगा वल्हवायला माझ्या काकांनाच बोलवावं लागलं. जाताना-येताना काका त्यांच्याशी एक शब्द बोलले नाहीत. गावात घराआड एकजण तापानं फणफणत होता. दोन दिवस तिथे राहून भाईंनी रक्तं तपासली, गोळ्या दिल्या. ते पोहोचायच्या आदल्या दिवशी तिथल्या एका मुलीला पुरलं होतं. माझ्याहून थोडी लहान असेल.

बाबा वेळेवर गेले असते तर ती वाचली असती, असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही. नसती वाचली, असंही कोणी सांगू शकत नाही.

वरच्या ऑफिसात गवगवा होऊ नये म्हणून बाबांचं कंत्राट पुढे वाढवलं नाही, एवढंच केलं. कारण कुठे लिहिलं गेलं नाही. सगळा राग निघाला तो भाईंवर. केंद्रात त्यांच्याशी कोणी बोलेना. चहा यायचा तो त्यांना सोडून सगळ्यांना यायचा. प्रत्येकाला वाटत होतं, उद्या हा आपलंही सांगेल. त्यांच्या कानांना हसणारी माणसं आता त्यांना पाहिलं की व्हरांड्यातून उठून जात होती. आईनं डबा बंद केला आणि खोली खाली करा असं सांगायला मला पाठवलं. मी सांगितलं. "बराबर आहे पोरी," ते म्हणाले. मग विचारलं, "देवाजीभाऊच्या गोया पुऱ्या झाल्या ना?"

झाल्या होत्या. बाबा त्या गोळ्यांनीच उठले होते. दोन दिवस उशीर झाला असता तर ताप मेंदूत गेला असता, हे डॉक्टरांनी आईला नंतर सांगितलंही होतं. पण मी भाईंना हो म्हटलं नाही. तशीच वळले. ज्या माणसानं माझ्या बापाला जिवंत ठेवलं, त्याला माझा बाप बरा आहे एवढं सांगणंही माझ्या जिवावर आलं. भाईंची तिकडे सिरोंच्याच्या बाजूला बदली झाली. खोली त्यांनी झाडून, सारवून दिली होती.

वर्षं गेली. माझं लग्न झालं. नवरा औष्णिक वीज केंद्रात, आम्ही ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये. बाबा मासे धरत होते, पण आता हसणं कमी झालं होतं. मागच्या हिवाळ्यात माझ्याकडे राहायला आले आणि तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "भाई कुठी राह्यते, पता लागन काय?"

पत्ता लागायला काही वेळ लागला नाही. घड्याळाच्या दुकानात आता पुतण्या मोबाईल दुरुस्त करतो. त्यानं मागे हाक मारली आणि भाई बाहेर आले. पार वाकले होते, पण बाबांना त्यांनी लगेच ओळखलं. बाबांनी काहीतरी ठरवून आणलेलं बोलायला सुरुवात केली. "भाई, तुमी माहा जीव ठेवला आन् आमी तुमाले घराबाहेर..."

भाईंनी त्यांना स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, आईची चौकशी केली. मग विचारलं, "थ्या गावाले गेलते काय कधी?"

"नाई. कोन्या तोंडानं जाऊ?"

"मी जातो. पाऊस सरला का एक चक्कर मारतो." मग म्हणाले, "त्याईले मालूम नाई, भाऊ. मलेरियावाले आजारी होते म्हनून आले नाई, येवढंच त्याईले केंद्रानं सांगितलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "भाई, इतकी वर्षं तुम्ही तिथे जाता, त्या मुलीच्या आईच्या घरी पाणी पिता, आणि तिला सांगत नाही? मग तेव्हा डॉक्टरांना कशाला सांगितलं?"

"डॉक्टरसाहेबाईले सांगितलं नसतं तर लोक मेले असते. त्याईले नाई सांगितलं तर कोनी मरत नव्हतं. मंग ज्याचं खोटं त्यानंच सांगावं, असं मले वाटलं. देवाजीभाऊ येतीन म्हनून वाट पाह्यली."

"पण त्या बाईचा हक्क नव्हता का?"

"होता," भाई म्हणाले. "हे माहं चुकलं असन बेटा."

मला त्यांच्याशी भांडायचं होतं, पण भांडून मी कोणाची बाजू घेणार होते? दार लावून घेणाऱ्या मुलीनं कोणाला हक्क शिकवावेत?

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघं गेलो. नाल्यावर आता पूल आहे. भाईंना पाहून पोरं "काचवाले आले" म्हणत पुढे धावली. त्या बाईचं घर गावाच्या शेवटी होतं. ती गोंड, घरी गोंडीच बोलायची, पण आमच्याशी मराठीत बोलली. तिनं अंगणात खाट टाकली, पाणी आणलं आणि बाबांकडे निरखून पाहिलं.

"तुमी मलेरियावाले ना? लई दिवस आले नाई. तुमाले ताप होता म्हने. आता बरं हाय काय?"

तिची मुलगी गेली त्या वर्षी तिनं भाईंना हेच विचारलं होतं, हे भाईंनी मला नंतर परतीच्या वाटेवर सांगितलं. मुलीला पुरल्याच्या दुसऱ्या दिवशी ती बाई माझ्या बापाची तब्येत विचारत होती.

बाबांनी पाण्याला हात लावला नाही. त्यांनी सांगायला सुरुवात केली. आधी अडखळत, मग एका दमात, पडवी, बोटं, काचा, सगळं. आम्ही हसलो होतो तेही सांगितलं. ती जमिनीवर बसून ऐकत होती. तिला सगळं कळतंय की नाही हे तिच्या चेहऱ्यावरून समजत नव्हतं. बाबा थांबले, तेव्हा तिनं विचारलं,

"माह्या पोरीच्या नावाची काच होती काय?"

बाबांनी भाईंकडे पाहिलं. मीही पाहिलं. ती काच भाईंनीच दुर्बिणीखाली धरली होती, त्यांना ठाऊक होतं. त्यांनी बाबांच्या पाठीवर हात ठेवला.

"होती," बाबा म्हणाले.

"त्याच्यात रगत कोनाचं?"

"माहं."

ती म्हणाली, "तवा थे जित्ती होती."

तिनं भरलेला पाण्याचा गडू उचलला आणि ती आत निघून गेली. आम्ही तिघं अंगणात बसून राहिलो. जा असं तिनं आम्हाला म्हटलं नव्हतं, आणि बसून राहण्याचं तोंड आमच्यापैकी कोणालाच उरलं नव्हतं.